थोडे भांडवल, नेमका माणूस

लहान खर्चाच्या मालिकेतील पात्रनिवडीची कहाणी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर हडपसर मागे पडले की काही वेळात हवेली तालुक्यातील लोणी काळभोर हे गाव लागते. एकीकडे तेल कंपन्यांची टर्मिनले आणि टँकरांच्या रांगा, तर दुसरीकडे मुळा-मुठेचे पात्र. नदीकाठचा ‘राजबाग’ हा परिसर एकेकाळी राज कपूर यांच्या शेतीचा भाग होता. १९७८ साली प्रदर्शित झालेल्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’ या चित्रपटाचे पुष्कळसे चित्रण याच मातीत झाले. आज तेथे एमआयटी आर्ट, डिझाइन अँड टेक्नॉलॉजी विद्यापीठ उभे आहे. चित्रपट आणि दूरचित्रवाणी हे विषयही तेथे शिकविले जातात. कपूर कुटुंबाचे स्मारक त्याच आवारात जपलेले आहे.

अशा परिसरात एखाद्या तरुणाने मित्रांना गोळा करून मालिका काढण्याचे मनावर घेतले, तर त्यात नवल नाही. कॅमेरा भाड्याने मिळतो. संकलन घरच्या संगणकावर होते. कोणाचा जुना वाडा, कोणाचे दुकान, कोणाचे गोदाम चित्रणासाठी ओळखीने मिळून जाते. व्यापारी घरातील मुलगा असेल तर वडिलांकडून थोडे भांडवलही मिळते. सर्व सामग्री जमली, आता उशीर कशाचा, असे वाटू लागते आणि नेमकी तेथेच गाडी अडते. कारण पडद्यावर दिसायचा तो माणूस असतो, आणि माणूस भाड्याच्या कॅमेऱ्यासारखा ठरल्या वेळी हजर होईलच असे नाही.

पात्रनिवड हा वरवर पाहता कलेचा विषय वाटतो. थोड्या भांडवलाच्या निर्मात्यासाठी मात्र तो बराचसा व्यवहाराचा विषय असतो. योग्य चेहरा कसा शोधावा हा प्रश्न तर असतोच. त्याहून कठीण प्रश्न असा की शोधलेला माणूस अखेरपर्यंत टिकावा कसा?

तारखांचे गणित

चित्रपट आणि मालिका यांत एक मोठा फरक आहे. चित्रपटाचे चित्रण ठरावीक दिवसांत संपते आणि कलावंत मोकळा होतो. मालिकेला तोच चेहरा महिनोन्महिने लागतो. ‘चार दिवस सासूचे’ या मराठी मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तो टोकाचा विक्रम सोडला, तरी साध्या तेरा-सव्वीस भागांच्या मालिकेतही प्रमुख पात्राचे दिवस इतर सर्वांच्या दिवसांशी जुळावे लागतात. सासऱ्याची भूमिका करणारे गृहस्थ बँकेत नोकरीस असतात, म्हणून त्यांना रविवारच मोकळा. सुनेची भूमिका करणारी मुलगी महाविद्यालयात शिकते, तिची परीक्षा नेमकी त्याच पंधरवड्यात येते. दोघे एका दृश्यात समोरासमोर हवे असतील, तर महिन्यातून दोन दिवस हाती लागतात. त्यांतला एक पावसात वाहून जातो.

त्यात ‘कंटिन्युइटी’ म्हणजे दृश्यांचा सलगपणा सांभाळायचा असतो. कथेत एकाच संध्याकाळी घडणारा प्रसंग प्रत्यक्षात तीन आठवड्यांच्या अंतराने चित्रित होतो. मधल्या काळात नायकाने केस कापले की साऱ्या संध्याकाळीचा मेळ बिघडतो. एखाद्याला मोठ्या वाहिनीवरील काम मिळाले आणि तो निघून गेला, तर निर्मात्यापुढे दोनच वाटा उरतात. त्या पात्राला कथेतून परगावी पाठवावे, अथवा नवा चेहरा आणून प्रेक्षकांची नाराजी पत्करावी. मोठ्या वाहिन्यांनाही हा प्रसंग चुकलेला नाही. परंतु त्यांच्यापाशी साठलेले भाग असतात, जाहिरातींचे उत्पन्न असते. लहान निर्मात्याचे आधी केलेले चित्रण वाया जाते आणि त्याबरोबर भांडवलाचा मोठा हिस्साही.

राजबागेचेच उदाहरण घेतले, तर मोठ्या आणि लहान निर्मात्यांतील अंतर ध्यानात येते. ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’मधील रूपा ही चेहऱ्याचा एक भाग भाजलेली खेड्यातील मुलगी. त्या काळी झीनत अमान यांची ओळख अगदी आधुनिक, शहरी नायिकेची होती. ही भूमिका आपल्यालाही जमेल हे पटविण्यासाठी त्या खेडवळ वेष करून, चेहऱ्यावर भाजल्याचा देखावा निर्माण करून राज कपूर यांना भेटावयास गेल्या, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. भूमिका त्यांना मिळाली. छोट्या रूपाचे काम पद्मिनी कोल्हापुरे यांनी केले. ज्याचे नाव मोठे, त्याच्या दारी कलावंत स्वतःहून येतो. ज्याचे नाव अजून व्हायचे आहे, त्याला कलावंताच्या दारी जावे लागते.

ग्रँट रोडचा आचारी

ही वणवण आजची नाही. भारतीय चित्रपटाचा आरंभच पात्रनिवडीच्या अडचणींतून झाला आहे. १९१२ साली धुंडिराज गोविंद फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ची जुळवाजुळव आरंभली, तेव्हा त्यांचे भांडवल म्हणजे विम्याच्या पॉलिसीवर काढलेले कर्ज आणि पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने. नटांसाठी त्यांनी वृत्तपत्रांत जाहिरात दिली. आलेले उमेदवार इतके निराशाजनक होते की पुढच्या जाहिरातीत चेहरा बरा नसणाऱ्यांनी अर्ज करू नये, अशा अर्थाची सूचना त्यांना घालावी लागली. राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले. राणी तारामती मात्र मिळेना.

त्या काळी पडद्यावर येणे म्हणजे स्त्रीने अब्रू गमावणे असे मानले जाई. फाळके यांनी समाजाने बहिष्कृत केलेल्या वस्त्यांतही शोध घेतला, तेथूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात चहा घेताना त्यांचे लक्ष तेथील तरुण आचाऱ्याकडे गेले. सडपातळ बांधा, नाजूक हात. त्याचे नाव अण्णा साळुंके. उपाहारगृहात त्याला महिना दहा रुपये मिळत, फाळके यांनी पंधरा देऊ केले. स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांना मिशा काढण्यास राजी करणे हे पुढचे दिव्य होते, कारण वडील हयात असताना मिशा काढणे अशुभ समजले जाई. तेही पार पडले. हेच साळुंके पुढे १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिकांत दिसले.

राजपुत्र रोहिताश्वाच्या भूमिकेसाठी आपला मुलगा देण्यास कोणी पालक धजेना, कारण त्या पात्राला कथेत रानोमाळ हिंडून मृत्यू यावयाचा होता. तेव्हा फाळके यांनी स्वतःचा मुलगा भालचंद्र उभा केला. वांगणीच्या चित्रणात तो खडकावर पडून जखमी झाला, तरीही काम पुढे चालू राहिले. सरस्वतीबाई साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्यापासूनच्या कामांत हात देत होत्या. नाटक-सिनेमात काम करतो असे सांगितल्यास लोक नावे ठेवतील, म्हणून मंडळींना ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत’ असे सांगण्याची शिकवण होती. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रगृहात चित्रपट प्रदर्शित झाला.

त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’साठी फाळके यांना पार्वतीच्या भूमिकेस दुर्गाबाई कामत आणि मोहिनीच्या भूमिकेस त्यांची कन्या कमलाबाई या मिळाल्या. दुर्गाबाई नाटक मंडळीबरोबर फिरत एकटीने मुलीला वाढवीत होत्या. लोकनिंदेची किंमत त्यांनी मोजली. पण त्यांनी उघडलेले दार पुन्हा बंद झाले नाही. कमलाबाई गोखले यांचे पुत्र चंद्रकांत गोखले आणि नातू विक्रम गोखले यांनी मराठी रंगभूमी व पडदा पुढे दीर्घकाळ गाजविला.

घरातच सापडलेली माणसे

फाळके यांची अडचण एकोणीस वर्षांनी कशी बदलली, हे त्याच कथेवरून कळते. १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ काढला. कथा पुन्हा हरिश्चंद्राचीच. या वेळी तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या. सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातील स्त्री पडद्यावर आली आणि इतर घरांचीही भीड हळूहळू चेपली.

पुढच्या वर्षी प्रभात पुण्यात आली. १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली ‘संत तुकाराम’ तयार झाला. तुकोबांच्या भूमिकेतील विष्णुपंत पागनीस हे तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत. त्यामुळे ही निवड साऱ्यांनाच पटली होती असे नाही. पण भजनात रंगलेला त्यांचा भाव पडद्यावर असा उतरला की अनेकांच्या मनातील तुकोबांचा चेहरा कायमचा तोच झाला. तुकोबांच्या पत्नीच्या, आवलीच्या भूमिकेतील गौरी या तर प्रभातमध्येच किरकोळ कामे करीत आलेल्या. त्यांच्या फटकळ पण मायाळू आवलीने चित्रपटाचा अर्धा भार पेलला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. बाहेर कोठेतरी शोधावे लागले असते ते माणूस रोज समोरून ये-जा करीत होते. ते ओळखणारी नजर तेवढी हवी होती.

दूरचित्रवाणीच्या आरंभकाळातही हेच घडले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा मालिकेवर उपजीविका करणारा नट असा वर्गच नव्हता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात चिं. वि. जोशी यांच्या कथांवरील ‘चिमणराव’ ही मालिका आली. दिलीप प्रभावळकर यांचे चिमणराव आणि बाळ कर्वे यांचे गुंड्याभाऊ घरोघरी पोहोचले. प्रभावळकर औषधनिर्मिती करणाऱ्या कंपनीत, तर कर्वे मुंबई महानगरपालिकेत नोकरीस होते. नोकरी सांभाळून, हौशी रंगभूमीवर घडलेली ही माणसे. आजही पुण्यातील एकांकिका स्पर्धा, गणेशोत्सवातील नाटके, महाविद्यालयांचे नाट्यविभाग यांतून असे कलावंत घडत असतात. लहान निर्मात्यासाठी खरा बाजार तोच आहे.

नव्वद दिवसांची उधारी

कलावंत सापडल्यावर त्याला टिकविण्याचा प्रश्न उरतो आणि तेथे व्यापारी मनाला ओळखीचा असा एक मुद्दा समोर येतो. मालिकांच्या व्यवसायात केलेल्या कामाचे मानधन सुमारे नव्वद दिवसांनी देण्याची प्रथा रूढ आहे. म्हणजे जानेवारीत केलेल्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये. मोठ्या वाहिनीवरील प्रसिद्धीसाठी कलावंत ही उधारी सोसतो. लहान निर्मात्यापाशी प्रसिद्धीही नाही. त्यानेही नव्वद दिवसांची बोली केली, तर कलावंताने त्याच्यापाशी थांबावे तरी कशासाठी?

याची उलट बाजू अशी की जेथे रक्कम मोठी देता येत नाही, तेथे वेळ तरी पाळता येते. दिवसाचे काम संपताच ठरलेले मानधन हाती देणारा निर्माता लहान असूनही कलावंतांमध्ये लवकर नावाजतो. बाजारात नव्या पेढीची पत जशी पहिल्या काही हुंड्या वेळेवर चुकविण्याने बसते, तशीच ही पत बसते. सकाळी सातला बोलावून दुपारी दोनपर्यंत ताटकळत न ठेवणे, परगावच्या कलावंताच्या येण्या-जाण्याची सोय करणे, स्त्री कलावंतांना कपडे बदलण्यासाठी बंदिस्त खोली देणे, वेळेवर स्वच्छ जेवण देणे, या गोष्टींना फार खर्च येत नाही. पण पुढच्या रविवारी तो माणूस पुन्हा येणार की नाही, ते बहुधा यांवरच ठरते.

दुसरी गोष्ट कागदाची. ओळखीतला माणूस आहे, त्याच्याकडून सही काय घ्यायची, असा संकोच दोन्ही बाजूंना असतो. पुढे वाद होतात ते याच संकोचातून. चित्रपट कामगारांसाठीच्या १९८१ च्या कायद्यानेही लेखी करारावर भर दिला होता. किती दिवस, कोणत्या महिन्यांत, किती मानधन, ते केव्हा, मध्येच सोडल्यास काय, चित्रण रद्द झाल्यास काय, एवढे एका पानावर मराठीत लिहून दोघांनी सह्या केल्या, तरी निम्मे तंटे टळतात. कराराने कलावंत बांधला जातो असे निर्मात्याला वाटते. खरे तर निर्माताही तितकाच बांधला जातो, आणि त्या बांधिलकीमुळेच समोरच्याला भरवसा वाटतो.

जेऊरच्या वाटेवर

लोणीवरून जाणारी रेल्वे दौंड ओलांडून पुढे करमाळा तालुक्यातील जेऊरला पोहोचते. दिग्दर्शक नागराज मंजुळे याच भागातले. ‘फँड्री’ या २०१३ सालच्या चित्रपटासाठी त्यांना जब्या नावाचा शाळकरी मुलगा हवा होता. तो त्यांना आपल्याच तालुक्यात हलगी वाजविताना दिसला. सोमनाथ अवघडे हा मुलगा आधी तयारच होईना. त्याचे मन वळवावे लागले. त्याच भूमिकेसाठी त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे ‘सैराट’चा नायक आकाश ठोसर जेऊरच्या रेल्वे स्थानकावर मंजुळे यांच्या भावाच्या नजरेस पडला आणि नायिका रिंकू राजगुरू अकलूजमध्ये सापडली. त्याआधी ‘श्वास’ या थोड्या खर्चाच्या चित्रपटातील परश्या पुण्याच्या अश्विन चितळे याने साकारला होता. त्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा ‘श्यामची आई’नंतर जवळपास पन्नास वर्षांनी तो मान मराठीकडे आला.

या यशकथा ऐकून आपल्या गावातूनही असा एखादा चेहरा सहज मिळेल असे अनेकांना वाटते. त्यांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवख्या माणसाला कॅमेऱ्यासमोर मोकळे करण्यास वेळ द्यावा लागतो. रोजच्या खर्चाच्या ओझ्याखाली दबलेल्या निर्मात्यापाशी नेमका तोच नसतो. आणि यशाचा भार कलावंताच्या कोवळ्या वयावर पडतो तो वेगळाच. ‘सैराट’नंतरच्या गर्दीमुळे रिंकूला नियमित शाळा अवघड झाली आणि दहावीची परीक्षा बाहेरून द्यावी लागली.

मूल मागितले जाते तेव्हा

लहान मालिकांचे निर्माते बालकलाकारांसाठी बहुधा ओळखीच्या घरांकडेच वळतात. मूल चुणचुणीत असते, आई-वडिलांना कौतुक वाटते आणि होकार दिला जातो. भालचंद्र फाळके याच्या काळी मुलांच्या रक्षणासाठी नियम नव्हते. आज ते आहेत आणि प्रत्येक घराला ते ठाऊक असावेत.

बालकामगारविषयक कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालील मुलाला चित्रणासाठी घ्यावयाचे असेल, तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते आणि पालकांची संमती जोडावी लागते. मुलाकडून दिवसाला पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक काळ त्याला राबविता येत नाही. सलग सत्तावीस दिवसांहून अधिक काम देता येत नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी लागते. मुलाच्या उत्पन्नातील किमान वीस टक्के रक्कम त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. त्याचे शिक्षण खंडित होऊ नये, ही जबाबदारीही निर्मात्याचीच. मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामास लावता येत नाही, असेही नियमात स्पष्ट म्हटले आहे.

एक सावधगिरी याहून साधी आहे. भूमिका देतो म्हणून नोंदणीचे, छायाचित्रांचे अथवा प्रशिक्षणाचे पैसे आधी मागणाऱ्याकडे मुलाला नेऊ नये. प्रामाणिक निर्माता कलावंताला पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही. आपल्या घरातील तरुण स्वतः निर्माता होऊ पाहत असेल, तर त्याच्याकडूनही हीच अपेक्षा ठेवावी. भांडवल देताना वडिलधाऱ्यांनी कॅमेऱ्याचे भाडे विचारावे, तसेच कलावंतांचे पैसे कोणत्या दिवशी देणार हेही विचारावे.

फाळके यांनी आचाऱ्याला महिना पाच रुपये अधिक देऊ केले. त्या पाच रुपयांनी साळुंके यांची पावले उपाहारगृहाबाहेर पडली. पण चित्रपटामागून चित्रपट ते फाळके यांच्याकडे काम करीत राहिले, त्यामागे पगाराखेरीज आणखीही काही असले पाहिजे. ज्या घरात मालकाची पत्नी सर्वांना रांधून वाढते आणि मालकाचा मुलगा इतरांबरोबर उन्हात उभा राहतो, तेथे नोकर आणि मालक हे अंतर फार उरत नाही. लोणी काळभोरच्या नदीकाठी एखादा तरुण आज आपली पहिली मालिका घेऊन उभा असेल, तर त्याच्या वहीत कलावंतांच्या नावांपुढे मोठे आकडे नसतील. पण ठरलेल्या दिवशी त्या प्रत्येक नावापुढे ‘दिले’ असे लिहिता आले, तर पुढच्या रविवारी त्याला कोणाची वाट पाहत बसावे लागणार नाही.